एका टॉवेलमागचं पाणी

माझ्या धाकट्या भावाला सगळे मीटर म्हणतात. घरात, गल्लीत, कारखान्यात, सगळीकडे. आईनं हौसेनं ठेवलेलं नाव आहे त्याला, पण त्या नावानं हाक मारली तर तो मागे वळूनही बघणार नाही. लहानपणी आई दूध वाटायची तेव्हा हा पेले ओळीनं मांडायचा, खाली वाकायचा, एक डोळा मिटायचा आणि जाहीर करायचा, ताईला जास्त आलंय. बरं, स्वतःला कमी आलं म्हणून रडायचा नाही की चिडायचा नाही. फक्त कमी आलंय हे सगळ्यांनी मान्य करायला पाहिजे, बस्स. असल्या भावाबरोबर लहानाचं मोठं होऊन बघा, म्हणजे कळेल. मी त्याच्या पाठीत किती धपाटे घातले, तेवढे मात्र त्यानं कधी मोजले नाहीत.

शिकला, आणि टॉवेलच्या कंपनीत लागला. लॅबमध्ये. काम काय, तर ओला टॉवेल पांढऱ्या फडक्यावर घासायचा आणि रंग किती उतरला ते बघायचं. धुवायचा, परत घासायचा, परत बघायचं. देवानं स्वतः बसून त्याच्यासाठी नोकरी शोधली असती तरी याच्यापेक्षा चांगली सापडली नसती. लग्न केलं नाही. आईबरोबर राहतो, आमच्या मागच्या गल्लीत. आई म्हणायची, याला बायको नको, वजनकाटा आणून द्या.

आणि माझं लग्न झालं ते डाईंगवाल्याशी. डाईंग म्हणजे सूत रंगवायचा कारखाना. कारखाना म्हणायचा म्हणून म्हणायचा. पत्र्याची शेड, एक बॉयलर, चार हौद, मागे सुताच्या लडी वाळत घालायला बांबू, आणि हाताखाली मोजकी माणसं. त्यात मी पण एक. नवरा मालक असला तरी लडी पिळायला मीच. मीटरच्या कंपनीचे जेवढे रंगीत टॉवेल, त्यातलं बरंचसं सूत आमच्याकडून रंगून जायचं. दुसरं गिऱ्हाईक आम्हाला नव्हतं, आणि कधी शोधायची वेळही आली नव्हती.

आमचे हे फार कमी बोलतात. लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं होतं, माणूस गर्विष्ठ आहे. तसं काही नव्हतं. बॉयलरच्या आवाजात वाढलेला माणूस, बोलून उपयोग नाही हे त्याला लहानपणीच समजलेलं. माझ्या तोंडाची टकळी दिवसभर चालू आणि यांचं आपलं हं, हं. एकच गोष्ट अशी होती की त्यावर ते आपणहून बोलायचे, ती म्हणजे मागचा नाला.

रंग सुतात मुरावा म्हणून पाण्यात मीठ घालतात. चिमूटभर नाही, पोत्यांनी. काम झालं की ते गरम, खारट, रंगीत पाणी एका टाकीत थांबवायचं, गाळ खाली बसला की वरचं नाल्यात सोडायचं. टाकी लहान. ऑर्डर घाईची असली की गाळ बसायलाही फुरसत नसायची. हे पाणी नीट साफ करायचा प्लांट मिळतो, पण तो घ्यायचा तर आख्खं डाईंग विकावं लागलं असतं. मग प्लांटचं करायचं काय? नाल्याच्या खालच्या अंगाला वस्ती आहे, तिथल्या बोअरला अधूनमधून रंग येतो. बायका कळशीत गुलाबी पाणी घेऊन आमच्या दारात यायच्या आणि शिव्या द्यायच्या. मीही भांडायला कमी नाही, पण त्या पाण्यापुढे माझं तोंड बंद व्हायचं. हे आत जाऊन बसायचे, चहासुद्धा नको म्हणायचे. "आपण चोर नाही," मला म्हणायचे, "पण आपल्याला कुणी साधू म्हणणार नाही."

खरं सांगायचं तर त्या पाण्यात आमचा वाटा थोडा. नाल्याच्या वरच्या अंगाला एक दांडगं डाईंग आहे. आम्ही त्याला वरचं डाईंग म्हणतो. आत टाकी आहे की नाही देव जाणे. भिंत उंच, गेट कायम बंद. आमचा बॉयलर पेटायच्या आधीच सकाळी नाला काळा नाहीतर लाल वाहत असायचा, यावरून काय ते समजा. पण त्या गेटवर कोण शिव्या देणार? आमचं दार उघडं असायचं, म्हणून शिव्या आम्हाला.

तर एक दिवस मीटर आला तो दारातूनच, "ताई, टॉवेल कुठून सुरू होतो सांग."

"दोरीवरून," मी म्हटलं. "आणि पाय पुसून आत ये."

"कापसाच्या शेतातून! आणि संपतो कुठे?"

"तुझ्यासारख्या आळशाच्या अंगावर."

तो हसलाही नाही. नुसता फुलून गेला होता. झालं होतं असं की बाहेरच्या मोठ्या दुकानवाल्यांनी कंपनीला विचारलं होतं, तुमच्या एका टॉवेलमागे जगाचं नुकसान किती होतं ते सांगा. पाणी किती जातं, धूर किती होतो, घाण किती सोडता. आकडा द्या, तो आम्ही टॉवेलच्या लेबलवर छापू. कंपनीच्या मोठ्या मॅडमनी सगळ्यांकडे बघितलं आणि हे काम मीटरच्या गळ्यात घातलं. दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घातलं असतं तर तो रजेवर गेला असता. आमच्या दिवट्याला मात्र स्वर्ग दोन बोटं उरला.

त्यानं मला सगळं समजावलं. मी भाजी निवडत होते म्हणून पळून जाता आलं नाही. कापूस पिकवायला लागलेलं पाणी धरायचं. सूत कातायची वीज धरायची. रंग धरायचा, बॉयलरचं लाकूड धरायचं, ट्रकचं डिझेल धरायचं, खोकं धरायचं. मग टॉवेल घरात आला की लोक तो धुणार, तेही धरायचं. फाटला, फरशी पुसायला घेतला, शेवटी कचऱ्यात गेला, तेही धरायचं. या सगळ्याची बेरीज म्हणजे त्या टॉवेलचं जन्मभराचं नुकसान.

"म्हणजे माणसापेक्षा टॉवेलची काळजी जास्त," मी म्हटलं.

"ताई, तू टॉवेल गरम पाण्यात धुतेस की गार?"

झालं. त्या दिवसापासून माझं न्हाणीघर त्याची लॅब झालं. मशीनच्या वायरला त्यानं कसलंसं यंत्र लावलं आणि एकच टॉवेल धुवायला लागला. गार पाण्यात, गरम पाण्यात, साबण कमी घालून, जास्त घालून. माझे कपडे बादलीत भिजून वास मारायला लागले तरी याचा टॉवेल आपला मशीनमध्ये गरगरतोय. शिवाय गल्लीत दारोदार जाऊन विचारायचा, तुम्ही टॉवेल किती वापरानंतर धुता? एका म्हातारीनं तो साबण विकायला आलाय समजून हाकललं. एका बाईनं त्याला खुर्चीत बसवून अर्धा दिवस सासूच्या तक्रारी ऐकवल्या. त्यानं त्या ऐकल्या, आणि मग विचारलं, "सासूबाईंचा टॉवेल वेगळा असतो का?"

शेवटी कळलं काय, तर टॉवेलच्या जन्मात सर्वांत जास्त वीज आपण घरी धुण्यात घालवतो. मला पटलं. तेव्हापासून मी गार पाण्यात धुते. मात्र कंपनीला ते ऐकून बरं वाटलं नाही. लोकांनी घरात कसं धुवावं ते कंपनी कशी बदलणार? मॅडम म्हणाल्या, आपल्या हातात जे आहे ते बघा. म्हणजे सूत, रंग, वाहतूक. माल पुरवणारे.

तिथून ते आमच्या दारात आलं.

मीटर एका सुट्टीच्या दिवशी आला, यांच्यासमोर बसला. एरवी तो यांच्याशी जरा दबकून बोलतो. म्हणाला, "भाऊजी, माल पुरवणाऱ्या सगळ्यांना मी विचारलंय, तुमचं पाणी किती, घाण किती. कुणीही मोजून द्यायला तयार नाही. जे देत नाहीत त्यांच्यासाठी पुस्तकातला आकडा धरायचा, असा नियम मीच करून दिलाय. जगभरच्या बऱ्याच कारखान्यांची सरासरी असते पुस्तकात."

"मग आमचाही पुस्तकातलाच टाक," मी मध्येच म्हटलं.

"का म्हणून, ताई? घरचं डाईंग आहे. इथे खरं मोजता येईल. आणि मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलंय, जिथे नुकसान सर्वांत जास्त दिसेल तिथे कंपनी आधी हात घालणार. भाऊजी, इथलं पाणी आकड्यात दिसलं तर कंपनी तुम्हाला प्लांट देईल. त्यांना द्यावाच लागेल."

मी म्हटलं, "आणि नाही दिला तर? आपल्याच हातानं आपली घाण त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवायची? उद्या म्हणतील, एवढं घाण डाईंग आम्हाला नको. मग काय करायचं आम्ही? तुझं यंत्र चाटायचं?"

"असं कसं म्हणतील? खरं सांगणाऱ्याला कोण हाकलतं?"

चांगला मोठा बाप्या झालाय आणि हे असलं बोलतो. मी कपाळावर हात मारून घेतला. यांनी मात्र उठून मागच्या नाल्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मोजू दे त्याला." एवढंच. मी ओरडले, रुसले, दोन दिवस जेवण वाढताना भांडी आपटली. यांनी ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "अगं, प्लांट आला तर खालच्या बायकांना तोंड दाखवता येईल. दुसरा रस्ता तरी आहे का मला?"

नव्हता. म्हणून मी गप्प बसले.

मग मीटर आमच्याकडे राबला. दुसरा शब्द नाही. सकाळी कंपनीत जायच्या आधी यायचा, संध्याकाळी सुटला की यायचा. हौदात पाणी किती घेतो ते टाकीला खुणा करून मोजलं. मिठाचं प्रत्येक पोतं काट्यावर चढवलं. लाकूड तोललं. नाल्यात पाणी सोडायच्या तोंडाशी उकिडवा बसून बाटल्या भरल्या, निळ्या, जांभळ्या, मातकट. आणि यांनी त्याच्यापासून काही म्हणजे काही लपवलं नाही. टाकीतला गाळ आम्ही शेडच्या मागे खड्ड्यात पुरायचो, ते कुणाला माहीत नव्हतं. यांनी स्वतः फावडं घेऊन खड्डा उकरून दाखवला. मी म्हटलं, अहो निदान हे तरी राहू द्या. तर म्हणाले, मोजायचं तर नीट मोजू दे. दोघं एकाच माळेचे मणी.

आणि मी खोटं कशाला बोलू, ते दिवस चांगले होते. संध्याकाळी तिघं शेडच्या पायरीवर चहा घ्यायचो. हे चक्क बोलायचे. प्लांट कुठे बसेल, बांबू कुठे हलवावे लागतील, साफ झालेलं पाणी परत हौदात घेतलं तर मीठ किती वाचेल. मीटर बोटानं जमिनीवर रेघा ओढून दाखवायचा. "भाऊजी, एवढी खरी मोजणी दुसऱ्या कुठल्याच डाईंगची नसेल," तो म्हणायचा. यांना त्याचा अभिमान वाटायचा. मलाही वाटायचा, उगाच का नाही म्हणा.

मोजणी संपली. मॅडमच्या खोलीत भिंतीवर उभ्या पट्ट्या दाखवल्या, सूत रंगवणाऱ्या एकेका पुरवठेदाराची एकेक पट्टी. पट्टी जितकी उंच तितकं नुकसान जास्त. सगळ्यांच्या पट्ट्या एका उंचीच्या, कारण सगळ्यांचा आकडा एकाच पुस्तकातला. आणि मधोमध आमची, ताडमाड. सगळ्या कारखान्यांत घाणेरडे कोण, तर आम्ही.

हे सगळं मीटरनंच मला पुढे कधीतरी सांगितलं, तुकड्या-तुकड्यानं. त्यानं मॅडमना समजावलं, की ही पट्टी उंच आहे कारण ही एकच खरी आहे. बाकीच्यांची मोजलीच नाहीत. मोजली तर कदाचित आणखी उंच निघतील. म्हणून इथे प्लांट द्या, आणि बाकीच्यांना मोजायला लावा.

मॅडम काही राक्षस नव्हत्या. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तुमचं म्हणणं मला कळतंय. पण दुकानवाल्यांना पुढच्या मालाला आकडा कमी करून हवाय. प्लांट बसून चालू व्हायला वेळ लागेल. डाईंग बदललं तर आकडा उद्या कमी होतो."

"मॅडम, तुम्ही काम द्याल वरच्या डाईंगला. ते याच नाल्यावर आहे. ते याहून वाईट आहे."

"तुमच्याकडे त्यांचा आकडा आहे?"

"ते मोजू देत नाहीत."

"मग त्यांना पुस्तकातला आकडा लागणार. नियम तुमचाच आहे ना?"

नियम त्याचाच होता. त्यानंच केला होता, सही करून दिला होता. यावर तो काय बोलणार? मी असते तर पुष्कळ बोलले असते. पण मला त्या खोलीत कोण बोलावतंय!

बातमी सांगायला तो स्वतः आला, एवढं मात्र त्याचं मानलं पाहिजे. आम्ही लडी पिळत होतो. तो शेडच्या दारात उभा राहिला, आत येईना. यांनी वर बघितलं आणि त्यांना कळलं. मला कळलं नाही. मी विचारलं, "काय रे, प्लांट कधी येतोय?" मग तो बोलला. मग मी बोलले. काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण गल्लीतली माणसं जमली होती. आमच्या पोटावर पाय दिलास म्हटलं. तुझ्या बहिणीचा संसार काट्यावर चढवून दाखवलास म्हटलं. तो उभ्या उभ्या ऐकत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. माझा राग तरीही कमी होईना. हे उठले, हात पुसले, आणि मला म्हणाले, "पुरे. उरलेलं सूत रंगवून द्यायचंय." ते सूत आम्ही रंगवून दिलं. नंतर सूत आलं नाही.

बॉयलर थंड पडला. माणसं एकेक करून दुसरीकडे गेली, जाताना यांच्या पाया पडली. हे गिऱ्हाईक शोधत हिंडले. पण धंद्यात बातमी लपून राहत नाही. सगळ्यांच्या कानावर गेलं होतं की या डाईंगची घाण मोजून ठेवलेली आहे. तुमच्याकडे काम दिलं तर आमचाही आकडा वर जायचा, असं एकानं तोंडावर सांगितलं. आणि गंमत बघा, त्या माणसाच्या मागच्या दारातून नाल्यात काय जातं ते आम्ही रोज बघतो. पण ते कुणी मोजलेलं नाही, म्हणून तो स्वच्छ.

खालच्या बायकांच्या कळशीत काही फरक पडला नाही. उलट वाढलं. वरच्या डाईंगला कंपनीचं जादा काम मिळालं होतं, ते दिवसभर पाणी सोडायला लागले. आमचं डाईंग बंद, हौद कोरडे, आणि नाला पहिल्यापेक्षा गडद. मी दारात उभी राहून बघायचे. बायका आता आमच्याकडे यायच्या नाहीत. एक म्हातारी तेवढी आली होती. म्हणाली, "तुमचं बंद झालं तरी पाणी तसंच गं बाई."

तिकडे टॉवेलवर लेबल लागलं. हिरवं पान, आणि खाली आकडा, पहिल्यापेक्षा कितीतरी कमी. कंपनीनं समारंभ केला, मीटरला पुढे बोलावून त्याचं कौतुक केलं आणि बक्षीस म्हणून टॉवेलचा संच दिला. त्याच टॉवेलचा. आई सांगत होती, त्यानं तो पिशवीतून बाहेरही काढला नाही. नोकरी सोडतो म्हणत होता. आईनं विचारलं, सोडून करशील काय? दुसऱ्या दिवशी तो डबा घेऊन कामावर गेला.

मग यांना काम मिळालं. वरच्या डाईंगमध्ये. त्यांना जाणती माणसं हवीच होती, कारण आमच्याकडचंच सूत आता त्यांच्याकडे येत होतं. सूत तेच, रंग तेच, टॉवेल तोच, आणि हौदावर उभा राहणारा माणूसही तोच. फक्त मालक दुसरा. हे पहिल्या दिवशी कामावरून आले. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "तिथे टाकी नाहीये गं. हौदातून सरळ नाल्यात." मग जेवायला बसले, आणि दोन घास खाऊन उठले.

हे मी मीटरला सांगायला नको होतं का? आता कळून काय उपयोग. आईकडे गेले होते, तो होता, माझ्या तोंडून गेलं. तो ताडकन उठला. कितीतरी दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर जीव आला. म्हणाला, "टाकीच नाही? मग त्यांची पट्टी छताला लागेल! नाल्यातली बाटली मॅडम धरत नाहीत, कारण नाल्यात सगळ्यांचं पाणी मिसळतं. आतली बाटली लागते, मालकाच्या परवानगीनं घेतलेली. मी जाऊन मागतो. किती दिवस नाही म्हणतील?"

"मीटर," मी म्हटलं, "तुझे भाऊजी आहेत आत."

"म्हणून तर," तो म्हणाला.

त्या दुपारी मी यांचा डबा घेऊन वरच्या डाईंगच्या गेटवर गेले तर हा तिथे उभा. हातात बाटल्यांची पिशवी, गळ्यात कंपनीचं कार्ड, पहारेकऱ्याशी हुज्जत चाललेली. पहारेकरी आत जाऊन मालकाला विचारून आला. मालक स्वतः कशाला येतोय! त्यानं सांगितलं म्हणे, तो नवा रंगवाला याचा नातेवाईक आहे ना, त्यालाच पाठवा.

म्हणून हे बाहेर आले. गेट अर्धं उघडून त्या फटीत उभे राहिले. अंगावर वाफेनं ओला झालेला सदरा. मला बघितलं, मग त्याला बघितलं.

"भाऊजी," मीटर म्हणाला, "एक बाटली. मला आत नका घेऊ. तुम्ही मालकाला विचारून भरून द्या. मी त्यांच्याशी बोलतो, कंपनीचं पत्र आणतो. एकदा यांचा आकडा आला ना, की सगळ्या पट्ट्या खऱ्या होतील. मग कंपनीला प्लांटशिवाय गत्यंतरच नाही."

"आकडा आला की कंपनी काय करेल?" यांनी विचारलं.

"प्लांट..." तो म्हणाला आणि थांबला.

"काम काढून घेईल. आणि ज्याचा आकडा नाही अशा तिसऱ्याला देईल. हो की नाही?"

मीटरनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मग मी त्याच्या गेटवर जाऊन काम मागायचं. आणि तू तिथेही बाटली घेऊन यायचं." यांचा आवाज चढला नव्हता. कधी चढतच नाही. त्यांनी पुढे होऊन मीटरच्या खांद्यावर हात ठेवला. "तू खोटं काही केलं नाहीस रे. मी कुणालाही तसं म्हणू देणार नाही. पण आता जा. मला नोकरी करू दे."

मीटर माझ्याकडे वळला. "ताई, तू सांग ना त्यांना. तुला तर नाला माहितीये. तू तरी सांग."

मला नाला माहीत होता. त्या कळशीतलं पाणी मी डोळ्यांनी बघितलेलं होतं, आणि मागे वळून बघितलं असतं तर तेव्हाही दिसलं असतं, भिंतीखालून वाफाळत बाहेर पडताना. जन्मभर ज्याला बोलले त्या भावाला त्या दिवशी मी शिवीसुद्धा दिली नाही.

"ते जा म्हणाले ना," मी म्हटलं. "मग जा."

तो गेला. पिशवीतल्या रिकाम्या बाटल्या वाजत होत्या. मी डबा फटीतून आत दिला. यांनी तो घेतला, गेट ओढून घेतलं आणि आतून कडी लावली.

त्यानंतर मीटर आमच्याकडे आलेला नाही. आई विचारते, भावाला कधी बोलावणार. मी म्हणते, बोलावते.